मामाजींचा दावा

माझ्या सासऱ्यांनी माझ्यावर दावा लावलाय, हे मला पिवळ्या पाकिटातून कळलं. जर्मनीत कोर्टाचं टपाल पिवळ्या पाकिटात येतं आणि पोस्टमन त्यावर तारीख घालून ते तुमच्या पेटीत टाकतो, म्हणजे मिळालंच नाही म्हणायची सोय राहत नाही. मी पाकीट ओट्यावर ठेवलं, चहा केला आणि पुन्हा वाचलं. वादी विठ्ठल लोणारे, राहणार नागपूर. प्रतिवादी कीर्ती लोणारे, राहणार झिंडेलफिंगेन. मागणी अशी की, २००५ साली कंपनीचे जे नवे शेअर माझ्या नावावर निघाले ते कायद्यानं निघालेच नाहीत, असं कोर्टानं जाहीर करावं.

तेव्हा २००८चा मे महिना संपत आला होता. उज्ज्वल घर सोडून म्युनिकला गेल्याला वर्ष होत आलं होतं. आमच्यात तिसरं माणूस नव्हतं, मारहाण नव्हती, सांगण्यासारखं काहीच नव्हतं. दोघंही कामानं पिचलो होतो आणि एकमेकांवर खेकसायचो, एवढंच. अशा भांडणात लोकांना रस नसतो. मलाही नव्हता.

आमची कंपनी गाड्यांची दारं उघडून मिटून बघते. हसू नका, यावर अकरा माणसांची पोटं आहेत. नव्या गाडीचं दार बाजारात येण्याआधी लाखभर वेळा उघडून मिटून बघावं लागतं, कधी उणे तीस अंशात, कधी ऐंशी अंशात, आणि बिजागरी कुठल्या फेरीला कुरकुरायला लागली ते लिहून ठेवावं लागतं. मशीनची कल्पना उज्ज्वलची. पण तो तेव्हा एका मोठ्या गाडीवाल्यांकडे नोकरीला होता आणि करारात स्वतःची कंपनी काढायला मनाई होती. म्हणून २००२ साली त्यानं आपल्या बाबांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं आणि कंपनी त्यांच्या एकट्याच्या नावावर काढली. मुलाची कंपनी बापाच्या नावावर, यात आपल्याकडं कोणाला काही वावगं वाटत नाही.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, नागपूरला ऑर्डनन्स फॅक्टरीत सुपरवायझर होते. पण त्यांची खरी नोकरी रविवारची. वस्तीतल्या विहारात त्यांनी बावीस वर्षं म्हाताऱ्याकोताऱ्यांचा वर्ग चालवला. तिथं त्यांचा एक नियम होता: आधी वाचायला शिकायचं, मग सही. सरकारी वर्गांत उलटं चालायचं, पंधरा दिवसांत सही गिरवून घेतली की माणूस साक्षर. मामाजींना त्याची चीड होती. ते म्हणायचे, "अंगठेवाला निदान चार जणांना विचारतो, हे काय आहे म्हणून. नुसती सही शिकलेला लाजेनं विचारत पण नाही." त्यांच्या वडिलांची घराची जागा अशाच एका कागदावर गेली होती. ही गोष्ट त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितली होती.

जर्मनीत कंपनीचे शेअर काढायचे तर नोटारसमोर बसावं लागतं. हा आपल्याकडचा कोर्टाबाहेरच्या टेबलावरचा नोटरी नव्हे. हा मोठा माणूस असतो, आणि कायद्यानं त्याला अख्खा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो. ज्याला जर्मन येत नाही त्याच्यासाठी दुभाष्या बसवावा लागतो. २००२ साली शपथेवरचा हिंदी दुभाष्या आणला होता. तीन तास लागले. मामाजी प्रत्येक वाक्याला थांबवायचे आणि उज्ज्वल घड्याळ बघायचा. बाहेर आल्यावर मामाजी इतके खूश होते की त्यांनी नोटारच्या इमारतीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला. म्हणाले, "या देशात वाचल्याशिवाय सही घेतच नाहीत."

२००५ साली मी विद्यापीठातली संशोधनाची जागा सोडून कंपनी चालवायला घेतली, तेव्हा उज्ज्वल आणि मी ठरवलं की कंपनीचं भांडवल दुप्पट करायचं आणि नवे शेअर माझ्या नावावर काढायचे. म्हणजे अर्धी कंपनी मामाजींच्या नावावर, अर्धी माझ्या. मामाजी पुन्हा आले. या वेळी उज्ज्वल म्हणाला, "घरात जर्मन येणारं माणूस असताना दुभाष्या कशाला? तू सांग ना बाबांना." मलाही ते पटलं. नोटार त्या दिवशी बदलीवरचा होता आणि घाईत होता. नवे शेअर जिला मिळायचे तीच दुभाष्या म्हणून बसलीय, हे त्याच्या लक्षातच आलं नाही की त्यानं डोळेझाक केली, ते आजतागायत कळलेलं नाही.

माझे वकील हेर त्सेलर, म्हणजे श्रीयुत त्सेलर, यांनी मला हे समजावलं तेव्हा त्यांचा चेहरा दातांच्या डॉक्टरसारखा झाला होता. त्यांनी सांगितलं की दुभाष्याला, किंवा त्याच्या नवऱ्याला, बायकोला, ज्या कागदातून लाभ होतो, तो कागद तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. मग म्हणाले, कंपन्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद होऊन तीन वर्षं कोणी हरकत घेतली नसती, तर बहुतेक दोष आपोआप बुजला असता. नोंद १० जूनची होती. दावा २६ मेला दाखल झाला होता. पंधरा दिवस राहिले होते, आणि तेवढ्यात समोरच्या वकिलाला हा कागद सापडला होता.

उज्ज्वलला कंपनी विकायची होती. म्युनिकच्या एका फर्मनं मागितली होती, आणि माझ्या अर्ध्या हिश्श्याशिवाय विकता येत नव्हती; तो रद्द झाला की अख्खी कंपनी वडिलांच्या नावावर, म्हणजे त्याच्या हातात येणार होती. मी नाही म्हणत होते. त्या वर्षअखेरीपर्यंत तर या धंद्यात सगळीकडे अर्धवेळ काम सुरू झालं होतं, त्सुफेनहाउझेनच्या मोठ्या गाडी कारखान्यापासून आमच्या गल्लीपर्यंत, आणि विकत घेणाऱ्यांनी पहिल्या महिन्यात माझी अकरा माणसं घरी पाठवली असती. मशीन तेवढं उचलून नेलं असतं. उज्ज्वलला हे माहीत होतं, आणि तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त एकदाचं सुटायचं होतं. मलाही सुटायचं होतं, पण मी सुटले असते तर मागे काही उरलं नसतं. चार वर्षं मी त्या दारांशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

नऊ महिने कागद इकडून तिकडे फिरले. शेवटी न्यायाधीश बाईंनी, फ्राउ आइझेले यांनी, हुकूम काढला की वादीनं स्वतः हजर राहावं. २००५ साली नोटारच्या खोलीत मी काय सांगितलं, हे माझ्याशिवाय त्याच माणसाला माहीत होतं.

फेब्रुवारी २००९. श्टुटगार्टच्या कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये मामाजी बाकावर बसले होते. अंगात उज्ज्वलचं जाकीट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, आणि आतल्या शर्टाच्या खिशाला पेन. दीड वर्षानं बघत होते मी त्यांना. विरुद्ध पक्षाशी बोलू नका, असं हेर त्सेलरनी बजावलं होतं. पण हा विरुद्ध पक्ष मला बघून उठून उभा राहिला.

"जयभीम मामाजी."

"जयभीम बाई. बरी आहे न तू? किती वाळली."

"काम फार आहे."

"तू पण कागदासाठी आली का?"

मी उज्ज्वलकडं पाहिलं. तो भिंतीवरची सूचना वाचत होता. आग लागली तर कुठल्या जिन्यानं उतरायचं याची सूचना, आणि तो ती दुसऱ्यांदा वाचत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मामाजींना काहीच माहीत नाही. नऊ महिने मी ज्यांच्यावर मनातल्या मनात चिडले होते, त्यांना आपण दावा लावलाय याचाच पत्ता नव्हता. मला त्यांची कीव आली, आणि स्वतःची लाज वाटली.

"हो," मी म्हणाले. "कागदासाठीच."

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गाएवढी. मध्ये फ्राउ आइझेले, समोर बोलून टेप करायचं छोटं यंत्र. व्यापारी दाव्यांत न्यायाधीशाच्या दोन बाजूंना दोन व्यापारी बसवतात. डावीकडचा रंगाच्या कारखान्याचा मालक, उजवीकडचा फरशांचा व्यापारी, असं हेर त्सेलरनी कानात सांगितलं. मामाजींच्या शेजारी शपथेवरच्या दुभाष्या, सुनेत्राबाई. त्या फ्रांकफुर्टहून पहाटेच्या गाडीनं आल्या होत्या. पांढरे केस, साधी साडी, वर स्वेटर. उज्ज्वल मागे, बघ्यांच्या बाकावर. त्याच्याकडं फक्त वडिलांचं मुखत्यारपत्र होतं.

फ्राउ आइझेलेंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आपल्याला या कोर्टाकडून काय हवं आहे?"

"मला?" मामाजी म्हणाले. "मला काही नको. मुलगा म्हणाला, कंपनीचा एक कागद चुकलाय, तो दुरुस्त करायला तुम्हाला यावं लागेल."

बाईंनी समोरच्या वकिलाकडं पाहिलं. वकील फाइल चाळायला लागले. मग बाई सावकाश म्हणाल्या, "आपण आपल्या सुनेविरुद्ध दावा केला आहे. तिचा कंपनीत काहीही हिस्सा नाही, असं आपलं म्हणणं आहे."

सुनेत्राबाईंनी ते वाक्य पुन्हा सांगायची विनंती केली. त्यांना ते पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. मग त्यांनी ते मराठीत सांगितलं, एकही शब्द न गाळता.

मागून उज्ज्वल म्हणाला, "बाबा, आल्झो, म्हणजे, ते तसं नसतं, तुमचं फक्त नाव आहे..." बाईंनी त्याला हात करून गप्प बसवलं.

"सही दाखवा," मामाजी म्हणाले.

मुखत्यारपत्र त्यांच्यासमोर आलं. वर जर्मन, खाली इंग्रजी, शेवटी पेन्सिलीची फुली आणि फुलीवर सही. नागपूरला कुरिअरनं गेलं होतं ते. उज्ज्वलनं फोनवर सांगितलं होतं, जिथं फुल्या आहेत तिथं करा.

"सही माझी आहे," मामाजी म्हणाले. "कागद माझा नाही."

फ्राउ आइझेलेंनी ते टेपमध्ये सांगून ठेवलं. मग विचारलं, "२००५ साली नोटारकडं आपल्या सूनबाईंनी आपल्याला काय भाषांतर करून सांगितलं?"

मामाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी टेबलाकडं पाहिलं. ते मला वाचवतील असं मला त्या क्षणी खरंच वाटलं. म्हातारा माणूस, चार वर्षं झालेली, नीट आठवत नाही म्हणाले असते तरी चाललं असतं.

"नोटारसाहेब पाऊण तास वाचत होते," ते म्हणाले. "सूनबाईनं मला तीन वाक्यं सांगितली. कंपनी वाढवायची आहे. त्यासाठी नवे शेअर काढायचे आहेत. त्यातले थोडे तिच्या नावावर होतील."

"थोडे?"

"थोडे. हाच शब्द."

हेर त्सेलरनी पेन खाली ठेवलं. मी त्यांना सांगितलं होतं की पार्किंगची वेळ संपत आली होती म्हणून मी थोडक्यात सांगितलं. सगळ्यांना हेच सांगितलं होतं. गाडी खरंच बाहेर उभी होती आणि वेळ खरंच संपत होती, त्यामुळे माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

बाई म्हणाल्या, कोर्टाचं आजचं मत असं की हे शेअर निघालेले नाहीत. ते निर्विकारपणे म्हणाल्या, पण मग चष्मा काढून डोळे चोळले आणि पुढे म्हणाल्या की दुसराही रस्ता आहे. दोन्ही पक्षांनी इथंच तडजोड केली आणि ती कोर्टाच्या नोंदीत गेली, तर ती नोंद नोटारच्या कागदाच्या तोडीची असते. शेअर निघालेच नाहीत म्हणजे कंपनीचे एकटे मालक आजही वादीच आहेत. त्यांनी भांडवल वाढवायचा तो ठराव आज शपथेवरच्या दुभाष्यासमोर पुन्हा केला, तर चूक दुरुस्त होऊ शकते. मात्र तशी कोणावरही सक्ती नाही.

समोरचे वकील मामाजींना आणि सुनेत्राबाईंना घेऊन बाहेर गेले. उज्ज्वलही मागोमाग गेला. बाहेर काय बोलणं झालं हे मला सुनेत्राबाईंनी कधीच सांगितलं नाही, तशी त्यांची शपथच होती. मी दहा मिनिटं फरशांच्या व्यापाऱ्याकडं बघत बसले. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर एक बारीकसं बरंही वाटलं, की उद्यापासून सकाळी सहाला उठून दारं मोजायला नकोत.

ते परत आले. उज्ज्वल बाकावर बसून राहिला, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. त्याचे वकील म्हणाले, "माझ्या अशिलांची इच्छा आहे की २००५चा कागद आधी पूर्ण वाचला जावा."

"पूर्ण?" बाईंनी विचारलं. कागद अकरा पानांचा होता.

"पूर्ण," मामाजी मराठीतच म्हणाले.

फ्राउ आइझेले वाचायला लागल्या. एक वाक्य त्या, एक सुनेत्राबाई. रंगवाल्यानं घड्याळ टेबलाखाली धरून पाहिलं. मामाजी हातावर हात ठेवून ऐकत होते आणि अडलं की बोट वर करत होते. भागधारक म्हणजे कोण, नोंद कुठं होणार, मुदत कधीपासून. त्या विहारातल्या वर्गात म्हाताऱ्या असंच बोट वर करत असतील. मीही पहिल्यांदाच ऐकत होते. तेव्हा मी पाऊण तास नुसती मान डोलवत बसले होते.

चौथ्या पानावर बाईंनी वाचलं की पंचवीस हजार युरोंचं भांडवल पन्नास हजार होईल आणि नवा संपूर्ण हिस्सा कीर्ती लोणारे घेतील. मामाजींनी बोट वर केलं.

"म्हणजे अर्धी."

"हो," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"थोडे नाही. अर्धी कंपनी." मग ते न्यायाधीश बाईंकडं वळले. "तिला विचारू शकतो का?"

बाईंनी मान हलवली. मामाजी माझ्याकडं वळले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज कोर्टातल्यासारखा न राहता जेवणाच्या टेबलावरच्यासारखा झाला.

"तुला किती पाहिजे होती बाई?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आणि तिथं, चार वर्षांनी, मला कळलं की पार्किंगचं कारण खोटं होतं. सासऱ्यांच्या तोंडावर, त्यांच्या नावावरच्या कंपनीतली अर्धी मला द्या, असं म्हणायला माझी जीभच वळली नव्हती. मी इंजिनिअरिंगची डॉक्टरेट केली होती, जर्मन माणसांशी दरावरून वाद घालत होते, पण मामाजींसमोर मला अर्धी हा शब्द उद्धट वाटला होता. म्हणून मी थोडे म्हणाले. आणि थोडे म्हटल्यावर बाकीची पानं सांगणं शक्यच नव्हतं, कारण ती सगळी अर्धीबद्दलच होती.

"अर्धी, मामाजी," मी म्हणाले. "मला अर्धीच पाहिजे होती. म्हणायची लाज वाटली."

सुनेत्राबाईंनी ते जर्मनमध्ये सांगितलं. फ्राउ आइझेलेंनी ते टेपमध्ये सांगितलं नाही, नुसतं ऐकलं.

मामाजींनी वर केलेलं बोट खाली घेतलं.

"मग तेव्हाच म्हणायचं होतं न," ते म्हणाले. "मी दिली असती." आणि बाईंकडं वळून म्हणाले, "पुढं वाचा."

आणखी सात पानं होती. ती सगळी वाचून झाली. मग तडजोडीचा मसुदा झाला, मग तो टेपमध्ये बोलून झाला, मग टेप पुन्हा लावून सगळ्यांना ऐकवली, आणि सुनेत्राबाईंनी तीही सगळी मराठीत सांगितली. त्यांचा आवाज बसला होता. खिडकीबाहेर दुपार उलटून गेली होती आणि आमच्यापैकी कोणी काही खाल्लं नव्हतं.

मामाजींनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. "कुठं करायची?"

"इथं सही लागत नाही," सुनेत्राबाई म्हणाल्या. "ऐकलं आणि मान्य आहे, एवढंच म्हणायचं."

"सहीच नाही?"

"नाही."

ते पेनकडं बघत राहिले. मग टोपण लावून ते खिशाला अडकवलं आणि उभे राहिले.

"ऐकलं," ते म्हणाले. "सगळं ऐकलं. मान्य आहे."

बाहेर आल्यावर हेर त्सेलरनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि ते दुसऱ्या सुनावणीला पळाले. उज्ज्वल जिन्याशी बॅग घेऊन उभा होता. त्यानं मला मान हलवून निरोप दिला, मीही दिला. आमच्या दोघांत भांडायची ताकद उरली नव्हती. मामाजी जाकिटाची चेन लावत होते आणि ती लागत नव्हती. मी खाली बसून लावून दिली.

"मामाजी, घरी चला. जेवून जा. आज राहा."

"नको बाई," ते म्हणाले. "तुला अर्धी दिली ती हक्काची म्हणून दिली. पण मला राग आला आहे तुझा. बावीस वर्षं लोकांना सांगितलं, आणि मला माझ्याच घरात न वाचता सही करायला लावली."

"उज्ज्वलनं पण तेच केलं."

"त्याचाही आला आहे," मामाजी म्हणाले, आणि जिन्याकडं वळले. "पण परतीचं तिकीट त्याच्याजवळ आहे."